‘कट्यार’ घरी ऐकताना: संगीत नाटकाची ध्वनिमुद्रिका कशी ऐकावी

संगीत नाटकातल्या पदांच्या आणि भावगीतांच्या कॅसेटा पूर्वी दुकानात एकाच फळीवर असत. आता त्या मोबाईलवर एकाच यादीत दिसतात, आणि ऐकणाऱ्याची फसगत तिथूनच सुरू होते. भावगीत आपले सगळे सामान बरोबर घेऊन येते. कोण बोलतो, कोणाशी, कशासाठी, हे त्याच्या दोन-तीन कडव्यांत कळते आणि कळले नाही तरी फारसे बिघडत नाही. पदाचे तसे नाही. ते प्रवेशातून कापून काढलेले असते, त्याच्या आधीचा वाद आणि नंतरची शांतता रंगमंचावरच राहून गेलेली असते. बाजारात नुसती तुकडी पाहून सुरमई केवढी होती हे सांगणे जितके अवघड, तितकेच नुसते पद ऐकून नाटक सांगणे अवघड. म्हणून ज्यांनी नाटक रंगमंचावर पाहिलेले नाही आणि ज्यांच्या हाताशी केवळ ध्वनिमुद्रण आहे, त्यांनी ते कसे ऐकावे, याबद्दल अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी इथे लिहीत आहे.

उदाहरणासाठी मी ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक घेतले आहे. ते १९६७ साली ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणले. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांची आणि संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. लिहिणारे नागपूरचे, मुख्य गाणारे मूर्तिजापूरचे, म्हणजे दोघेही विदर्भातले. चाली मात्र गोव्यातल्या मंगेशीत जन्मलेल्या माणसाच्या. पंडित भानुशंकरांची भूमिका करणारे भार्गवराम आचरेकर यांचे आडनाव तर आमच्या मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे. कोकणातल्या माणसाला या नाटकाबद्दल थोडी जवळीक वाटते ती एवढ्यासाठी, पण ते निवडण्याचे खरे कारण हे नाही. या नाटकाचा विषयच गाणे आहे, त्यामुळे पद आणि प्रवेश यांचे नाते त्यात सर्वांत उघडपणे दिसते आणि शिकण्यासाठी ते सोयीचे पडते.

आधी नेमकी ध्वनिमुद्रिका हातात आहे ना, हे पाहावे

मोबाईलवर नाटकाचे नाव लिहून शोधले, तर पहिल्या दहा-पंधरा नोंदींत मूळ नाटकातली पदे शोधूनच काढावी लागतात. २०१५ साली याच नावाचा चित्रपट आला आणि त्याची गाणी सगळीकडे पोहोचली. त्यात नाटकातली काही पदे नव्याने गायलेली आहेत आणि ‘सूर निरागस हो’सारखी काही गाणी नाटकात मुळीच नसलेली आहेत. चित्रपटात खाँसाहेबांचे काम सचिन पिळगावकर यांनी केले, गळा राहुल देशपांडे यांचा होता. पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्या भूमिकेत सुबोध भावे होते, गळा महेश काळे यांचा होता. चित्रपटाची गाणी ऐकण्यात गैर काही नाही, ती चांगलीच आहेत. पण जो अभिनय करतो तोच गातो ही संगीत नाटकाची मूळ अट तिथे लागू नाही. ती अट आवाजात कशी ऐकू येते हेच आपल्याला शोधायचे असेल, तर यादीत वसंतराव देशपांडे हे नाव आधी पाहावे आणि संगीतकार म्हणून अभिषेकींचे नाव आहे ना, याची खात्री करावी.

आणखी एक फसगत मैफलीच्या ध्वनिमुद्रणांमुळे होते. ही पदे वसंतरावांनी पुढे मैफलींतही गायली, इतरही अनेक गायक गातात आणि आमच्याकडे तर गणपतीच्या दिवसांत कोणत्या ना कोणत्या मंडपात ‘सुरत पिया की’ कानावर येतेच. मैफलीत पद वीस मिनिटे फुलवता येते, गायक ते खयालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनातल्या सविस्तर मांडणीच्या, अंगाने मांडतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की पदाचे खरे रूप हेच. ते त्या पदाचे दुसरे आयुष्य आहे. पहिले आयुष्य कळले की दुसरे जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे. उलट क्रमाने गेले तर मूळ ध्वनिमुद्रण आखूड आणि आटोपशीर वाटून मन खट्टू होते.

पद लावण्यापूर्वी प्रवेश वाचावा

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग आहे. नाटकाची संहिता मिळवावी. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालत आलेले आहे, आणि कोकणातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी एखादे जुने वाचनालय असते. तिथल्या नाटकांच्या कपाटाकडे हल्ली फारसे कोणी फिरकत नसल्यामुळे पुस्तक मिळण्याची शक्यता उलट अधिक. पूर्ण नाटक एका बैठकीत वाचून होते. तेवढा वेळ नसेल, तर निदान प्रत्येक पदाच्या आधीची दोन पाने आणि नंतरचे एक पान वाचावे आणि वहीत प्रत्येक पदापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हे कोण म्हणते, त्या वेळी समोर कोण आहे, आणि पद संपल्यावर पहिले वाक्य कोणाचे आहे. तिसरी गोष्ट लिहायला माणसे विसरतात, पण पदाचा परिणाम कोणावर झाला हे बहुतेक वेळा त्या वाक्यातच सापडते.

ही सवय मला माझ्या काकांनी लावली. ते गावच्या देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांना ऑर्गनवर, म्हणजे पायाने भाता मारायच्या पेटीवर, साथ करीत आणि त्यांच्याकडे नाट्यपदांच्या पंचवीस-तीस कॅसेटा होत्या. मी कॅसेट लावून कळ दाबायच्या आधी ते हात वर करीत.

“थांब हो. आधी सांग, हा आत्ता कुठे उभा आहे?”

“काका, गाणे ऐकून मग सांगतो ना.”

“मग काय सांगणार? चाल गोड आहे म्हणून सांगशील.”

त्यांचे म्हणणे किती खरे होते, हे ‘या भवनातील गीत पुराणे’ या पदाने मला पटवले. लहानपणी मी ते पद जुन्या वाड्याच्या आठवणींचे समजत असे. शब्दांत भवन आहे, पुराणे गीत आहे, मवाळ आणि हळवे सूर आहेत. आमच्याही घराच्या माजघरात जुने काहीतरी घुमते असे वाटायचे, आणि तेवढ्यावर मी खूश होतो. नाटकात हे पद येते ते खाँसाहेब राजगायक होऊन हवेलीत प्रवेश करतात तेव्हा. इतकी वर्षे ती हवेली पंडितजींची होती. राजगायकाचे पद ज्याच्याकडे त्याच्याकडे हवेली आणि मानाची कट्यार, अशी त्या राज्याची रीत आहे, आणि पंडितजींचा सूर मुका झाल्यामुळे ती खाँसाहेबांच्या हाती आलेली आहे. म्हणजे हे आठवणीचे पद नव्हेच. जिंकलेला माणूस पराभूताच्या घरात उभा राहून इथले मवाळ सूर आता निघून जाऊ देत असे फर्मावतो आहे. हे कळल्यावर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावले, तेव्हा ‘जाऊ द्या’ या शब्दांवरचा जोर प्रथमच ऐकू आला. तो आधीही तिथेच होता.

पात्राला आपण गातो आहोत हे ठाऊक आहे का?

प्रवेश वाचून झाला, की प्रत्येक पदाला हा एक प्रश्न विचारावा, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे ऐकणे अवलंबून असते.

किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये कृष्ण रुक्मिणीला ‘प्रिये पहा’ म्हणून पहाट झाल्याचे सांगतो, तेव्हा तो तिच्याशी बोलत असतो. बोलणे सुरात आहे हे आपल्याला ठाऊक असते, त्या दोघांना नसते. अशा पदात शब्दांची फेक महत्त्वाची असते. वाक्य कुठे तुटते, संबोधन कुठे येते आणि तान शब्दाचा अर्थ झाकते की उचलून धरते, हे ऐकावे. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’मधले, आशालता वाबगावकरांच्या आवाजातले ‘अर्थशून्य भासे मज’ हे पद स्वतःशी केलेल्या विचारासारखे आहे. त्यालाही हाच नियम लागू पडतो, फक्त ते सावकाश ऐकावे. त्याचे संगीतही अभिषेकींचेच, आणि गाणे किती कमी सजवले तरी चालते हे तिथे दिसते.

‘कट्यार’ची गोष्ट निराळी आहे. इथली माणसे गवई आहेत, ती रियाज करतात, स्पर्धेत गातात, शिष्याला शिकवतात किंवा शिकवायला नकार देतात. त्यांच्या बहुतेक पदांत गाणे हे खरोखरच गाणे असते, आणि समोर बसलेली पात्रेही ते गाणे म्हणूनच ऐकत असतात. म्हणून इथे तान ही सजावट राहत नाही, तीच त्या क्षणीची घटना असते. खाँसाहेबांच्या आक्रमक ताना ऐकून ‘जरा जास्त होते’ असे वाटले, तर ती गायकाची चूक समजू नये. त्या माणसाचा स्वभावच तसा आहे आणि नाटक त्या स्वभावावर उभे आहे.

हे सर्वांत स्पष्टपणे ऐकायचे असेल तर ‘घेई छंद मकरंद’ घ्यावे. शब्द तेच, चाली दोन: एक संथ आणि एक द्रुत. संथ चाल पंडितजींच्या परंपरेची आणि द्रुत चाल खाँसाहेबांच्या गायकीची, वसंतरावांच्या गळ्यातली. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकण्याआधी एक काम करावे. पदाचे शब्द कागदावर लिहून घ्यावेत आणि पहिल्या ऐकण्यात जिथे जिथे गायक शब्दावर थांबतो तिथे पेन्सिलने उभी रेघ मारावी, दुसऱ्या चालीसाठी वेगळ्या रंगाची. रागाचे नाव कळले नाही तरी चालेल. कागदाकडे पाहिले की दिसते, संथ चालीत भुंगा फुलावर बसलेला आहे आणि द्रुत चालीत तो या फुलावरून त्या फुलावर झेपावतो आहे. एकाच शब्दांतून दोन घराण्यांचे, आणि खरे तर दोन माणसांचे, भांडण उभे करण्याची ही युक्ती ज्यांना सुचली त्यांना नाटक आणि गाणे या दोन्ही गोष्टी आतून कळत होत्या. माझ्या पुतणीने, जिचा शास्त्रीय संगीताशी काडीचा संबंध नाही, हा कागद करून पाहिला आणि दोन रंगांच्या रेघा एकमेकींवर कुठेच येत नाहीत म्हणून ती थक्क झाली. मी केलेल्या कागदावर दोन ठिकाणी आल्या होत्या, त्यामुळे कोणाचे कान बरोबर यावर आमचा वाद अजून चालू आहे.

वसंतरावांच्या त्या झेपेचे मूळ पाहायचे असेल, तर मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे ‘परवशता पाश दैवे’ हे ‘रणदुंदुभि’तले पद एकदा ऐकावे. दीनानाथही मंगेशीचेच, आणि वसंतरावांवर त्यांच्या गायकीचा मोठा प्रभाव होता. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावत असे, आणि दीनानाथांनी तेवढ्या अवधीत काय काय कोंबले आहे हे ऐकून माणूस अवाक होतो. अर्थात रंगमंचावर तेच पद प्रेक्षकांच्या आग्रहाने कितीतरी लांबत असणार, हे मनात धरूनच तबकडी ऐकावी.

जागा, वेळ आणि साधने

आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात दुपारी नाट्यपद ऐकणे जवळजवळ अशक्य असते. कौलांवर पाऊस पडत असताना आवाज वाढवावा लागतो, आवाज वाढवला की ऑर्गन कर्कश होतो आणि तबल्याचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, पावसात मिसळून जातो. पत्र्याची पडवी असेल तर विचारूच नये. अशा दिवसांत कानाला लावायचे साधे, तारेचे इअरफोन बरे. त्यांनी फारच जवळून ऐकल्यासारखे वाटते ही तक्रार खरी आहे, पण शब्द हाती लागतात. उरलेल्या आठ महिन्यांत मात्र लहान स्पीकर खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवून आपण समोरच्या भिंतीजवळ बसावे. जुनी ध्वनिमुद्रणे बहुधा एकाच वाहिनीवर केलेली असतात, त्यामुळे दोन स्पीकर दोन बाजूंना ठेवून काही वाढत नाही, आणि आवाज समोरच्या एका ठिकाणाहून आला की रंगमंचाचा भास जास्त होतो. मोबाईलमध्ये खर्ज वाढवण्याची सोय असते, ती बंद ठेवावी. तिने गायकाच्या आवाजाला नसलेला जाडपणा येतो.

वेळेबद्दल मी कर्मठ नाही, पण एका पदाला अपवाद करतो. ‘कट्यार’मधले ‘तेजोनिधी लोहगोल’ हे सूर्याला उद्देशून आहे आणि ते पहाटे ऐकावे. आमच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, तो मागच्या सह्याद्रीवरून उशिरा वर येतो. आधी आकाश तांबडे होते, मग माडांचे शेंडे उजळतात आणि गोळा दिसेपर्यंत बराच वेळ जातो. पद त्या मधल्या वेळात लावले तर ‘लोहगोल’ हा शब्द किती अचूक आहे ते कळते, कारण तापवून लाल केलेल्या लोखंडाचाच तो रंग असतो. शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही एवढाच आवाज ठेवावा, हे सांगायला नको.

एका बैठकीत चारपेक्षा अधिक पदे ऐकू नयेत, आणि ती ध्वनिमुद्रिकेवरच्या क्रमाने न ऐकता नाटकातल्या क्रमाने ऐकावीत. ध्वनिमुद्रिकेवरचा क्रम बहुधा बाजूची लांबी जुळवण्यासाठी किंवा लोकप्रिय पद आधी यावे म्हणून लावलेला असतो. वहीत लिहिलेला क्रम समोर ठेवला, तर हे काम दोन मिनिटांचे आहे.

तीन वेळा ऐकणे

पहिल्यांदा फक्त शब्द ऐकावेत. दुसऱ्यांदा गायकाकडे दुर्लक्ष करून साथ ऐकावी. हे सुरुवातीला जमत नाही, गळा कान ओढून घेतो, पण दोन-चार दिवसांत सवय होते. ऑर्गन हा नाट्यसंगीताचा खरा सूत्रधार आहे. गायक श्वास घेतो तेव्हा तो सूर धरून ठेवतो, गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी त्याला वाट दाखवतो, आणि पद संपून संवाद सुरू होणार असेल तर हळूच मागे सरतो. कोकणातल्या माणसाने ही साथ मुद्दाम ऐकावी, कारण या क्षेत्रातले मोठे नाव, गोविंदराव पटवर्धन, गुहागर तालुक्यातल्या अडूरचे. पायाने भाता मारायच्या पेटीचा सूर हाताच्या हार्मोनियमपेक्षा सलग येतो, हा फरक एकदा कानात बसला, की ध्वनिमुद्रणात यांपैकी कोणते वाद्य आहे ते लगेच ओळखता येते. माझे काका म्हणत, “गाणारा चुकला तर लोक हसतात, पेटीवाला चुकला तर गाणारा रडतो,” आणि हे ते अनुभवावरूनच म्हणत असावेत.

तिसऱ्यांदा ऐकताना डोळ्यांसमोर प्रवेश उभा करावा. इथे वहीतली तिसरी नोंद उपयोगी पडते. पद संपले की ध्वनिमुद्रण लगेच थांबवावे आणि त्यानंतरचे पहिले वाक्य मोठ्याने वाचावे. थोडे हास्यास्पद वाटते, घरातली माणसे वाकून पाहतात, पण पदाच्या शेवटच्या सुरानंतर बोलण्याचा आवाज आला की ते पद पुन्हा प्रवेशात जाऊन बसते. घरात दुसरे कोणी तयार असेल, तर संवाद दोघांनी वाटून घ्यावेत.

ध्वनिमुद्रणात नसलेल्या दोन गोष्टींची जाणीव मात्र ठेवावी. पहिली म्हणजे ‘वन्स मोअर’. रंगमंचावर तो मिळाला की नट पुन्हा गायचा, आणि दुसऱ्यांदा पहिल्यासारखे कधीच गायचा नाही. म्हणजे आपल्याकडे आहे ते पदाचे एक रूप, एका दिवशीचे, प्रेक्षक समोर नसतानाचे. दुसरी गोष्ट अंतर. नाट्यगृहात गायक मागच्या रांगेसाठी गातो, ध्वनिमुद्रणात समोरच्या मायक्रोफोनसाठी. रत्नागिरीत दर वर्षी किंवा दोन वर्षांनी एखाद्या संगीत नाटकाचा प्रयोग पाहण्याचा योग येतो, तेव्हा मी मुद्दाम शेवटून तिसऱ्या रांगेचे तिकीट काढतो. तिथे शब्द किती पोहोचतात ते कळले, की घरी आल्यावर त्याच पदातले ठळक उच्चार ऐकून कंटाळा येत नाही. ते कोणासाठी होते, हे आता ठाऊक असते.

जुनी कॅसेट असेल तर

वडिलांच्या किंवा मामांच्या कपाटात नाटकाची कॅसेट सापडली, तर ती लगेच लावू नये. समुद्राजवळच्या घरात कॅसेटवर बुरशी येते. उजेडासमोर धरून कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिले तर फितीच्या गुंडाळीवर पांढरे, कापसासारखे ठिपके दिसतात. अशी कॅसेट वाजवली, तर बुरशी यंत्राच्या डोक्यावर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी ती कोरड्या खोलीत काही दिवस ठेवावी, उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने प्लास्टिक वाकते. मग जुन्या, टाकून द्यायच्या यंत्रावर फीत एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्यावी आणि मऊ कोरड्या कापसाने सुटलेली बुरशी पुसावी. यंत्राचे डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने साफ करावे. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी जिभली मोडून टाकावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. आमच्याकडे एका पुरत्या बाजूवर शेजारच्या मुलाची पाढ्यांची उजळणी अशीच कायमची बसलेली आहे.

फितीतले गाणे संगणकावर उतरवून घ्यायचे असेल, तर जमल्यास स्वतःच करावे. मी एकदा शहरातल्या एका दुकानात कॅसेट दिली आणि मिळालेल्या सीडीवर सगळी पदे सुमारे अर्ध्या सुराने चढलेली निघाली, शिवाय पदांमधल्या शांत जागा ‘मोकळ्या’ म्हणून कापून टाकलेल्या. वेग बरोबर आहे का, हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे तेच पद दुसऱ्या एखाद्या चांगल्या ध्वनिमुद्रणात शोधून मोबाईलवरच्या तंबोऱ्याशी दोन्हींचा षड्ज, म्हणजे ‘सा’, जुळवून पाहणे. दोहोंत ठळक फरक आला, तर एक प्रत बिघडलेली आहे; ती कोणती, हे गायकाच्या बोलण्यासारख्या आवाजावरून बहुधा लगेच कळते, कारण वेग वाढला की पुरुषाचा आवाज पोरसवदा होतो. यंत्राचा रबरी पट्टा सैल झालेला असला तर सूर हेलकावतो. पट्टा स्वस्तात मिळतो आणि बदलायला अर्धा तास लागतो.

उतरवून झालेली कॅसेट हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर, उभी ठेवावी आणि पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेकदा पूर्ण गुंडाळून घ्यावी. ठेवताना फीत शेवटापर्यंत वाजवून ठेवावी. बरीच वर्षे न वाजवता ठेवलेल्या फितीत शेजारच्या वेढ्यांचे चुंबकत्व एकमेकांत उतरते, आणि पद सुरू होण्याच्या क्षणभर आधी त्याचाच पहिला सूर फार पुसट, लांबून आल्यासारखा ऐकू येतो. काकांच्या कॅसेटवर ‘या भवनातील’च्या आधी तो तसा येतो, जणू खाँसाहेब अजून हवेलीच्या उंबऱ्याबाहेर आहेत. संगणकावर तो पुसून टाकता येईल असे मला सांगण्यात आले. मी तो तसाच ठेवला आहे.